दगू मिस्तरींनी न जोडलेला शाफ्ट

अन्याय झाला तो दगू मिस्तरींवर. गेल्या वर्षी, द्राक्षाची काढणी ऐन भरात असताना, एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता. त्या वेळी आमच्या पत्रकाचा पहिला गठ्ठा छापखान्यातून बाहेर आला आणि त्याच्या तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव होतं. पत्रक मी लिहिलं होतं. तेव्हा अन्याय करणारी कोण, तेही इथेच सांगून टाकते. मी. आणि ज्यांनी ज्यांनी ते पुढे पाठवलं ते सगळे. तुमच्यापैकी बरेच जण त्यात असणार.

दगूनाना मूळचे सटाण्याजवळच्या एका खेड्यातले. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात कित्येक वर्षं काढली, मग तिथेच लिंक रोडला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं गॅरेज टाकलं. याहून जास्त चरित्र मला ठाऊक नाही. शेडवर पाटी नव्हती. आत रेडिओ नव्हता. "गाणं लावलं की गाडी गप बसती," असं त्यांचं म्हणणं. एखाद्या गिऱ्हाइकाचा मोबाइल वाजला की नाना गाडीखालून सरकत बाहेर यायचे. चष्मा खाली पडू नये म्हणून तो सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून डोक्याला बांधलेला. तो माणूस बोलून होईपर्यंत ते त्याच्याकडे नुसते बघत उभे राहायचे. त्याच माणसाचा फोन तिथे दुसऱ्यांदा वाजलेला मी ऐकला नाही.

त्यांच्याकडे लोक यायचे ते एका ठराविक दुखण्यासाठी. मालकानं हौसेनं किंवा गरजेनं गाडीत काहीतरी बदल केलेला असायचा. जीप उंच केलेली, टायर रुंद घातलेले, टेम्पोची रुग्णवाहिका केलेली. मग ती गाडी थरथरायला लागायची, मागून आवाज करायची, आणि तीन गॅरेज फिरून वैतागलेला मालक शेवटी या शेडसमोर येऊन उभा राहायचा.

आम्हीही तसेच गेलो. मी रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत आहे. आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या सीट काढून तिथे आम्ही जनरेटर, स्पीकर आणि प्रदर्शनाचे लोखंडी फलक बसवले होते. एवढं वजन पेलावं म्हणून कुणीतरी मागच्या स्प्रिंगमध्ये एक जादा पाटा घातला. तेव्हापासून पन्नासच्या पुढे गेलं की गाडीचं बूड थरथरायचं आणि खड्ड्यात मागून कण्हल्यासारखा आवाज यायचा. टायर बॅलन्स करून झाले. शॉकअप बदलून झाले. आवाज जागच्या जागी.

नानांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. चपला काढल्या आणि मागे फलकांच्या मधोमध, पत्र्यावर दोन्ही तळपाय टेकवून बसले.

"तू चालव ताई. मी सांगन तवा गिअर काढ."

पंचावन्नला थरथर सुरू झाली. "काढ!" मी गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, थरथर होती तशीच.

"इंजिन सुटलं," मागून आवाज आला. "त्याचा काय गुन्हा नाय. आता गिअर घाल. पाय सोड. आता दाब."

खट्ट.

"हं. स्टेअरिंग थरथरतंय का?"

"नाही."

"मग पुढची चाकं बी सुटली."

असे ते एकेकाला निर्दोष सोडत चालले होते. मधूनच स्वतःशी, खरं म्हणजे त्या आवाजाशी, अहिराणीत बोलायचे. "कोठे शे रे तू? बोल ना भो." मी आरशात बघून हसत होते. आमच्या कामात आम्ही उलटं करतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आम्ही आधी एकाला धरतो.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. ओढणी खोचून मी खड्ड्यात उतरले. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब लोखंडी दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, त्यांनी बॅटरीच्या उजेडात दाखवला. जादा पाट्यानं गाडीचं मागचं अंग वर उचललं होतं आणि शाफ्टचा कोन बिघडला होता. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकाचे दाते दुसऱ्यात सरकतात. तो सोडवण्याआधी नानांनी पंच आणि हातोडीनं दोन्ही तुकड्यांवर एकेक ठिपका ठोकला, बरोबर समोरासमोर.

"हे कशाला?"

"परत जोडताना हे दोघं एकमेकांसमोर आले पायजेत. एक दाता जरी इकडंतिकडं झाला, तरी गाडी चालती. पण थरथरती. आन् थरथरून थरथरून एक दिवस तुटती. मी कुणाचा बी शाफ्ट ठिपक्याबिगर सोडत नाय."

जादा पाटा त्यांनी काढून टाकला. मग विचारलं, "रोज किती माणसं बसता?"

"सहा."

"सहाच्या सहा जणांना बोलवा."

"नाना, बोल्ट तुम्ही आवळणार. आम्ही सहा जण काय करणार?"

"वजन करणार," नाना म्हणाले. "गाडी जॅकवर लटकत असताना रबरी बुश आवळले, की चाकं टेकल्यावर रबराला पीळ पडतो. पीळ पडला की ते कण्हतं. तुमच्या गाडीचं कण्हणं ते हे. गाडी रोज जेवढं वाहती तेवढं तिच्यावर टाकायचं, मग आवळायचं. बसा गप."

तर संघटनेचे सहा कार्यकर्ते, जनरेटर, स्पीकर आणि फलक असे सगळे त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या व्हॅनमध्ये बसलो. खाली नाना. पाच मिनिटांनी कंटाळून आमच्यातल्या एकानं घोषणा दिली, "आमच्या मागण्या..."

"मान्य!" खालून आवाज आला. "आता हालू नका."

त्या दिवसापासून मी त्यांची पत्रकबाई झाले. व्हॅन घेऊन गेले की विचारायचे, "काय पत्रकबाई, आज कुणाचा नंबर?" मी नावं सांगायची. कंत्राटदार, अधिकारी, नगरसेवक. ते ऐकून घ्यायचे आणि नेमकं एकच विचारायचे, "जाऊन बघितलंस का?" मी म्हणायची, हो, फोटो आहेत. "फोटोत आवाज येत नाय," म्हणायचे आणि परत गाडीखाली.

त्यांचा नारळाचा किस्सा अंबडमध्ये बऱ्याच जणांना माहीत आहे. एका गृहस्थांनी नवीकोरी गाडी घेऊन लगेच तिची मागची स्प्रिंग कडक करून घेतली होती. वळणावर मागून धप्प आवाज यायचा. दोन्ही शॉकअप नवे, लिंक नव्या, आवाज तोच. नाना मागे बसले, गंगापूर रोडची तीन वळणं घेतली आणि म्हणाले, "थांबवा." डिकी उघडली, स्टेपनीच्या खोबणीवरचं झाकण उचललं आणि आतून नारळ काढला. गाडीच्या पूजेचा. घरच्यांनी नीट ठेवला होता, कुणाला आठवलाच नव्हता. ते गृहस्थ खजील झाले. नानांनी तिथेच रस्त्याकडेला नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि म्हणाले, "देव कवाचा सांगत व्हता, मी हितं हाय. तुम्ही शॉकअपवर संशय घेतला."

आता तो दिवस.

दिंडोरी रोडला सकाळी सुमनताई झेंडूच्या करंड्या घेऊन टेम्पोची वाट बघत उभ्या होत्या. मखमलाबादकडच्या मळ्यातली फुलं तोडून रोज बाजारात नेणारी बाई. दिंडोरीकडून एक उंच केलेली जीप आली. तिचा शाफ्ट तुटला, पुढचं टोक रस्त्यात रुतलं, गाडी फेकली गेली आणि सुमनताईंना घेऊन शेजारच्या पाण्याच्या चारीत गेली. जीव वाचला. उजव्या पायात सळई घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बसून तोडणी करणं आता विसरा.

जीप अक्षयची. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात तो खांबाला टेकून रडत होता. मी समोर उभी राहिले. "गाडीचं काम कुठे केलंस?"

"दगू मिस्तरीकडं. लिंक रोडला. शाफ्ट त्यांनीच खोलला, त्यांनीच जोडला."

एवढंच तो बोलला. एवढंच मी ऐकलं. आणि मला आरोपी मिळाला.

इथे मी स्वतःची बाजू मांडणार नाही. सुमनताईंचा पाय मी डोळ्यांनी पाहिला होता आणि माझा राग खरा होता. पण राग खरा असला म्हणून त्याखाली लिहिलेलं नाव खरं ठरत नाही. आमच्या पत्रकाला नाव लागतं. नाव नसलं की लोक वाचत नाहीत. अक्षयच्या वडिलांचं नाव लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस आली असती, हे मला माहीत होतं. पाटी नसलेल्या शेडमधून नोटीस येणार नव्हती, हेही माहीत होतं. आमच्या ऑफिसपासून ती शेड दहा मिनिटांवर. मी गेले नाही. घरी बसून लिहिलं: "दगू मिस्तरींच्या हलगर्जीपणाची शिक्षा सुमनताईंनी का भोगायची?" वाक्य मला आवडलं होतं, हे पण कबूल करते.

बुधवारी नाना ऑफिसात आले. हातात पत्रक, चार घड्या घातलेलं. मला वाटलं भांडतील. त्यांनी पत्रक टेबलावर पसरलं, एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं तू लिहिलंस, सांध्यातला क्रॉस तुटला. क्रॉस तुटला नाय म्हणतात. त्याला मागून धरणारं दोन फाट्यांचं दुशिंग तुटलंय."

"नाना, मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा तोच हाय. काय तुटलं ते कळलं, की का तुटलं ते कळतं. मला पोलीस गाडीला हात लावू देईनात. तू जा. तुला ठिपके माहीत हायेत. गाडीखाली जाऊन बघ."

"तुम्ही केलं नाही, एवढं तरी म्हणा."

ते माझ्याकडे बघत राहिले. फोनवर बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायचे, तसे. मग म्हणाले, "म्हणून काय व्हतं? तू बघ ना जाऊन."

मला तो कांगावा वाटला. तांत्रिक गोष्टीत शिरून विषय टाळताहेत, असं मी त्याच संध्याकाळी बैठकीत सांगितलंसुद्धा.

पत्रक फिरलं. छापलेल्या प्रती थोड्याच, फोनवरून किती ठिकाणी गेलं ते मोजता येणार नाही. कुणीतरी एक प्रत शेडच्या पत्र्यावर चिकटवली. नानांनी ती काढली नाही. शेजारच्या टपरीवाल्यानं विचारलं तर म्हणाले, "राहू दे. वाचून कुणी आला तर निदान इचारील तरी." कुणी विचारायला आलं नाही. गाड्या यायच्या थांबल्या. ज्यांच्या गाड्यांचे आवाज त्यांनी घालवले होते, ते लोकही दुसरीकडे जायला लागले. महिन्याभरात जागामालकानं शेड मागितली. हे सगळं मला नंतर कळलं, कारण या काळात मी त्या रस्त्यानं जाणं टाळत होते. का टाळत होते, ते स्वतःला विचारलं नाही.

दोन महिन्यांनी मी सुमनताईंना भेटायला गेले. त्या ओट्यावर पाय लांब करून हार ओवत बसल्या होत्या. मी नुकसानभरपाईच्या अर्जाचं सांगत होते. त्यांनी मधेच तोडलं.

"ते मिस्तरी आले व्हते."

मी चमकले. "दमदाटी केली का?"

"दमदाटी कशाची गं? पाणी सुदिक घेईनात. हितं खाली बसले आन् मला इचारलं, 'बाई, गाडी अंगावर यायच्या आधी आवाज कसा आला?'"

"मग?"

"मी म्हनलं, भाऊ, आधी नुसता घूं घूं आवाज, लय लांबून. मग खणखण. मग काडकन काहीतरी तुटलं. तर म्हणले, 'घूं घूं लांबून येत व्हता? म्हंजे सांधा पार झिजला व्हता, बरेच दिवस थरथरत व्हती.' आन् डोळे पुसले. माझ्या पायाकडं बघून म्हणले, 'कुणीतरी ऐकायला पायजे व्हतं.'" सुमनताईंनी सुई खाली ठेवली. "मला एवढा मोठा अपघात झाला, पण आवाज कसा आला हे मला एकट्या त्या माणसानंच इचारलं. तू नाय इचारलंस. तू गाडी बघितलीस का गं?"

मी दुसऱ्या दिवशी गेले. पोलीस ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेत जीप धूळ खात उभी होती. हवालदारानं हरकत घेतली नाही. दोन महिन्यांत त्या गाडीची चौकशी करायला कुणी आलंच नव्हतं. मी पाठीवर झोपून आत सरकले.

मागच्या धुऱ्यावर, पाट्यांच्या खाली, लोखंडी ठोकळे होते. गाडी आणखी उंच दिसावी म्हणून घालतात ते. त्यांचा काळा रंग अजून नवा होता. तुटलेला शाफ्ट तारेनं बांधून ठेवलेला, त्याचे दोन्ही तुकडे अजून एकमेकांत अडकलेलेच. मी त्यावरची माती ओढणीनं पुसली. ठिपका सापडला. मग दुसऱ्या तुकड्यावरचा शोधला. तोही सापडला. दोघांत तीन बोटांचं अंतर होतं.

नानांच्या नंतर कुणीतरी तो शाफ्ट उघडला होता, आणि खूण न बघता जोडला होता.

अक्षय शेतावर होता. मी ठिपक्यांचा फोटो त्याच्यासमोर धरला. आधी त्यानं आवाज चढवला, मग खाली बसला.

"नानांनी ठोकळे काढून टाकले होते," तो म्हणाला. "सांगितलं होतं, एवढी उंच केली तर शाफ्ट टिकणार नाही. पण ताई, गाडी परत खाली आली ना. पोरं हसायला लागली, म्हणे जीपची मारुती कार झाली. मग दुसरीकडं जाऊन परत घालून घेतले. तिथल्या मिस्तरीनं शाफ्ट खोलला, लावला. थरथरत होती, पण मी म्हटलं बसेल हळूहळू."

"मग दवाखान्यात नानांचं नाव का घेतलंस?"

"तुम्ही विचारलं काम कुठं केलं. नानांकडं केलंच होतं की. आणि तुम्ही पुढं काही विचारलंच नाही."

मी त्याला तसाच उठवून पोलीस ठाण्यात नेलं. 

अक्षयनं पोलिसांना जबाब दिला. आम्ही दुसरं पत्रक काढलं, माफीचं, मोठ्या अक्षरात. पहिलं जिथे जिथे वाटलं तिथे तिथे वाटलं. लोकांनी हातात घेतलं, वाचलं, "अरेरे" म्हणाले आणि खिशात घातलं. पुढे कुणी पाठवलं नाही. माफीत कुणाला धरायचं नसतं, त्यामुळे ती फिरत नाही. लिंक रोडच्या शेडमध्ये तोवर प्लायवूडचं दुकान लागलं होतं.

नानांना शोधायला वेळ लागला. ते अंबडमध्येच होते. एका कंपनीच्या गेटवर, सुरक्षारक्षकाच्या निळ्या गणवेशात. टोपी मोठी होत होती. हातात लांब दांड्याला लावलेला आरसा. आत येणाऱ्या गाड्यांखाली तो सरकवून बघायचं, हे काम.

मी समोर जाऊन उभी राहिले. तोंडपाठ केलेलं सगळं विसरले. "नाना, चुकलं माझं," एवढंच निघालं.

"बघितलंस ना जाऊन?"

"हो."

"मग झालं." त्यांनी मला बाजूला हो अशी खूण केली, मागून गाडी येत होती. पांढरी, मोठी, मागे कुणी साहेब. गतिरोधकावरून ती आत आली तेव्हा मागून बारीक टक्‌टक् आवाज आला. मलासुद्धा ऐकू आला. नानांचा हात आरशावरच थांबला. त्यांनी मान थोडी कलती केली, चाकाकडे बघितलं. मग आरसा फिरवला, सलाम केला आणि गाडी जाऊ दिली.

"काय होतं?" मी विचारलं.

"डावीकडला शॉकअप सुटतोय वरून. आठपंधरा दिवस काढील."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

नाना गेटचा आडवा बांबू खाली ओढत होते. "सांगितलं, की माझं नाव लागतं त्या गाडीला," ते म्हणाले. "नको."

पुढची गाडी येऊन थांबली होती. ते आरसा घेऊन तिच्याकडे गेले, वाकले, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

नाशिकमधला आवाज ओळखणारा माणूस आता आवाज ऐकतो आणि गप्प बसतो. हे आपण केलं. सुमनताईंना भरपाई मिळेल, न मिळेल, त्यासाठी मी लढतेच आहे. नानांची भरपाई कुठल्या अर्जात मागायची?

म्हणून मागणी तुमच्याकडे आहे. पहिलं पत्रक तुम्ही कुणाला पाठवलं होतं, ते तुमच्या फोनमध्ये अजून असेल. उघडा. ज्या ज्या माणसाला पाठवलंत, त्या प्रत्येकाला फोन लावा. मेसेज नको, फोन. सांगा की शाफ्ट दगू मिस्तरींनी जोडलेला नव्हता. कुणी खोटं लिहिलं म्हणून विचारतील, तेव्हा माझं नाव सांगा. आणि न बघता पुढे कुणी पाठवलं असं विचारतील, तेव्हा तुमचं स्वतःचं सांगा.